उपकेंद्राचं मागचं दार

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर हणमंतराव आप्पा मला परत पारावर बसू देणार नाहीत, आणि त्या पारावर बसायला मिळणं ही सध्या माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. मुखेड तालुक्यातलं गाव आहे, एवढ्यावर भागवा.

मी रामलिंग, बांधकाम विभागातला कनिष्ठ अभियंता. मूळचा किल्लारीचा. भूकंप झाला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, त्यामुळे जुनं गाव मला आठवत नाही. पण वडिलांनी ते मला इतक्या वेळा सांगितलं की डोळे मिटून चालत जाईन. इथं पार, तिथं मारुती, पाराच्या डाव्या हाताला दुकान. नव्या गावात घरं मजबूत मिळाली, ते उपकार आम्ही कुणीच विसरलो नाही. तरी वडील शेवटपर्यंत म्हणायचे, "समदं दिलं बाबा, पर बसावं कुटं ते कळत न्हाई." रस्ते एवढे रुंद की समोरच्याशी बोलायचं तर ओट्यावरून उतरावं लागतं, ही त्यांची कायमची तक्रार. ते ऐकत मी मोठा झालो, इंजिनिअर झालो आणि मनाशी ठरवलं, आपण जे बांधू ते गावाच्या पोटात बांधू, वेशीबाहेर नाही.

सात वर्षांपूर्वी या गावाला आरोग्य उपकेंद्र मंजूर झालं. जागा सुचवली होती गावाबाहेर, मुखेड रस्त्याला लागून. मी वरच्या साहेबांशी भांडलो. चार महिने पत्रव्यवहार केला, ग्रामसभेचा ठराव आणला आणि पाराच्या बरोबर समोर, पडक्या चावडीची जागा मिळवली. उद्घाटनाला मला नारळ दिला होता. पुढं दोन वर्षांनी पारासमोरचा मातीचा चौकसुद्धा मीच पेव्हर ब्लॉक बसवून छान करून दिला, लाल आणि करडे, एकाआड एक. त्या चौकाचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहेत.

म्हणून यंदा मार्चमध्ये जेव्हा कळलं की कमी वापर असलेल्या नऊ उपकेंद्रांत माझंही आहे, तेव्हा माझं डोकं फिरलं. जूनअखेर आढावा होणार होता. आकडे सुधारले नाहीत तर तिथल्या सिस्टरची जागा दुसरीकडे वळवायची आणि इमारतीला कुलूप. मग गावच्या बायकांनी तपासणीला चौदा किलोमीटरवर मुखेडला जायचं. मला राग लवकर येतो, हे माझी बायको कुणालाही सांगेल. मी गावकऱ्यांवर चिडलो. दाराशी आणून दिलंय, तरी यांना उंबरा ओलांडवत नाही, असं ऑफिसात मोठ्यानं बोललो.

त्या नऊ उपकेंद्रांचा अभ्यास करायला एक बाई येणार आहेत असं कळलं. त्यांच्या अहवालावर दोन गोष्टी ठरणार होत्या. या नऊंचं काय करायचं, आणि पुढच्या एकवीस नव्या उपकेंद्रांचा नमुना नकाशा कसा असावा. मला वाटलं, पुण्याकडची कुणीतरी असेल. आली ती लातूरची पुनम. तिशीतली, पायात साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. शिकायला मात्र बरीच लांब गेलेली, डिझाइन अँथ्रॉपॉलॉजी नावाचं काहीतरी शिकून आलेली.

"डिझाइन अँथ्रॉपॉलॉजी म्हणजे नेमकं करता काय तुम्ही?" मी विचारलं. आवाजात जेवढा खवचटपणा मावतो तेवढा घातला होता.

"माणसं कशी राहतात ते बघते. मग वस्तू कशी असावी, इमारत कशी असावी, सरकारचा नियम कसा असावा, हे त्या राहण्यावरून ठरवायला मदत करते."

"ते तर आम्हीपण करतो."

"हो ना," ती म्हणाली. त्या ‘हो ना’चा मला दिवसभर राग येत राहिला.

तिचं काम बघून तर आणखीच आला. तिनं कुणाला फॉर्म भरायला दिला नाही. तीन आठवडे ती गावात नुसती हिंडली. बायकांबरोबर दळणाला गेली, कुणाच्या शेंगा फोडायला बसली, एकीच्या पोराला मांडीवर घेऊन झोपवलं. वहीत लिहायची ते पण काय? ‘विहिरीच्या बोळातून वळली. परत फिरली. अकरा वाजून वीस मिनिटं.’ मी वही उलटी करून वाचली होती, खोटं कशाला बोलू.

उपकेंद्रात शहजादी सिस्टर होत्या. मुखेडच्या. त्यांचे वडील खाजामियाँ बसस्टँडजवळ शिवणकाम करतात. दोन वर्षांपासून सिस्टर रोज सकाळच्या एसटीनं गावात यायच्या, दुपारपर्यंत रिकाम्या खोलीत बसायच्या, मग बीपीचं यंत्र पिशवीत घालून घरोघर फिरायच्या. घरी सासू समोर उभी, मोकळं काही बोलता येत नाही, लघवी तपासता येत नाही, वजनकाटा उचलून नेता येत नाही. केलेली अर्धी तपासणी केंद्राच्या आकड्यात धरतही नव्हते.

एप्रिलच्या एका दुपारी पुनमनं मला बोलावून घेतलं. बारा वाजून गेले होते. विहिरीचा बोळ जिथं चौकाला मिळतो त्या कोपऱ्यावर ती उभी होती.

"साहेब, बूट काढता का?"

"कशाला?"

"उपकेंद्रापर्यंत जाऊ. बूट हातात घ्या."

समोर पारावर सहा-सात म्हातारे बसले होते. मधोमध हणमंतराव आप्पा, पांढऱ्या फेट्यात, शेजारी त्यांचे जोडीदार अमृतराव. मला लाज वाटली, पण बाईसमोर माघार कशी घ्यायची, म्हणून बूट-मोजे काढले. तिनं चपला काढून हातात घेतल्या, ओढणी डोक्यावर ओढली आणि खाली बघत चालायला लागली. मी मागून.

दहाव्या पावलाला मला कळलं की मी काय बसवलंय ते. ब्लॉक तव्यासारखे तापले होते. लाल जास्त तापतो की करडा, हेही कळलं. मी चवड्यांवर चालायला लागलो, मग टाचेवर, मग सरळ पळालो. पारावरचे हसले. मी उपकेंद्राच्या पायरीवर जाऊन तळवे बघत बसलो. पुनम मात्र तशीच चालत आली. तिनं पावलं मोजली होती, चौऱ्याऐंशी.

"या गावात सुना पारासमोरून पायात चप्पल घालून जात नाहीत," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत असेल."

माहीत होतं. कुणाला माहीत नसतं? लहानपणापासून बघतोय. वडीलधारी बसलेली असली की सून चप्पल हातात घेते, पदर सारखा करते आणि भराभर पुढं जाते. ही गोष्ट बघायची सवय इतकी की ती दिसतच नाही. मी दाराची रुंदी मोजली होती, खिडकीची उंची मोजली होती, रॅम्पचा उतार दोनदा तपासला होता. ही चौऱ्याऐंशी पावलं माझ्या कुठल्याच कागदावर नव्हती.

"आणि नुसत्या चपलेचं नाही," ती पुढं म्हणाली. "आत गेली की पारावर सगळ्यांना कळतं, अमक्याची सून गेली. कशाला गेली असेल? संध्याकाळपर्यंत घरात विचारणा."

दारात शहजादी सिस्टर उभ्या होत्या. मी त्यांच्यावरच घसरलो. "सिस्टर, तुम्हाला ठाऊक होतं ना हे? मग एवढी वर्षं सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलंच न्हाई, साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमी दर बारीला विचारलं, पंखा चालतो का, नळाला पाणी येतं का. मी सांगितलं, चालतो, येतं."

संध्याकाळी किल्लारीला आईला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "आई, जुन्या गावातला पार तुला आठवतो का गं?"

"न आठवायला काय झालं? चप्पल हातात घेऊन जायचे की त्याच्याफुडून. पाराची याद तुझ्या बापाला यायची, मला न्हाई." मग म्हणाली, "नव्या गावात रस्ते मोठ्ठे झाले, पार ऱ्हायला न्हाई. मी पयल्यांदा पायात चप्पल घालून दळणाला गेले बघ. लई बरं वाटलं होतं."

पस्तीस वर्षांचा झालो तोवर मी हे आईला कधी विचारलं नव्हतं.

उपाय अवघड नव्हता. उपकेंद्राची मागची भिंत हणमंतराव आप्पांच्या गोठ्याच्या बोळाला लागून होती. भिंतीत दार काढलं आणि बोळाच्या तोंडावरचं बाभळीच्या काट्यांचं कुंपण हटवलं, तर विहिरीकडच्या गल्लीतून बायका सरळ आत येऊ शकत होत्या. डोक्यावर गोठ्याच्या छपराची सावली, आणि पारावरून काही दिसत नाही. पण बोळ आप्पांचा. आणि पारावर मधोमध बसणारे आप्पाच.

पुनमनं सांगितलं होतं, "आठवडाभर थांबा. मी आधी घरातल्या बायकांशी बोलते. सिंधुताईंचा विषय नाजूक आहे." सिंधु म्हणजे आप्पांची सून. सातवा महिना चालू होता. अडीच वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात तिला मुखेडला न्यायला जीप निघाली आणि वाटेतच सगळं आटोपलं. मूल हाती लागलं नाही. तेव्हा शहजादी सिस्टर इथं नव्हत्या, शेजारच्या गावच्या सिस्टर मंगळवारी तेवढ्या येऊन बसायच्या.

पण थांबेल तो रामलिंग कसला! दुसऱ्याच दिवशी सकाळी शहजादी सिस्टरना घेऊन मी आप्पांच्या ओसरीवर हजर झालो.

"दार?" आप्पा म्हणाले. "मागं कशाला रे दार? फुडं येवढं मोठं केलास की."

"बाया पुढून येत नाहीत आप्पा. पारावर तुम्ही बसलेले असता."

"मग? आमी खातो का काय त्येंला?"

"चप्पल हातात घेऊन त्या ब्लॉकवरून यावं लागतं."

"मी कवा म्हणलो काढा म्हणून?"

इथं गप्प बसायला हवं होतं. सिस्टरनी माझी बाहीसुद्धा ओढली. पण मी बोलून गेलो, "म्हणाला नाहीत. नको काढू असंही म्हणाला नाहीत. मागच्या खेपेला सिंधुताई तपासणीला निघाल्या होत्या. पाय इतके सुजले होते की चप्पल काढायला वाकता येईना. दोन मंगळवारी कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेल्या."

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. आप्पांनी मान आतल्या दाराकडे वळवली. नाव घेतलं नाही, हाक मारली नाही, नुसतं विचारलं, "परत गेलतीस?"

मग दाराआडून बारीक आवाज आला, "हाव, मामा."

आप्पांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. त्यांचं डोकं पूर्ण पांढरं होतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "नातू व्हता त्यो," ते म्हणाले. आम्हाला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनीच तोड काढली. "आसं करू. मंगळवारी, तपासणीच्या दिवशी, आमी पारावरून उठून जाऊ. अमृतरावाला सांगतो, समद्यांला सांगतो."

"नको आप्पा," शहजादी सिस्टर म्हणाल्या. "तुमी समदे उठलात की गावाला कळतंय, आज बाया येऊन राहिल्यात. मग त्या बिलकुल न्हाई यायच्या. तुमी बसा आरामात. आमाला तेवढं मागून येऊ द्या."

चहा आला, तो आप्पांनी घेतला नाही. आम्ही उठलो.

पुनमला कळल्यावर ती ओरडली नाही, आवाज मात्र कडक झाला. "ती गोष्ट सिंधुताईंनी मला सांगितली होती, साहेब, आणि मी ती विश्वासानं तुम्हाला. आप्पांना सांगायची की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं." तिचं शंभर टक्के बरोबर होतं. त्या क्षणी माझी मलाच किळस आली. सिस्टरच्या हाती सिंधूला निरोप पाठवला की माझं चुकलं, माफ करा. संध्याकाळी उलट निरोप आला, "सायबाला म्हणा, बरं झालं. मला या जन्मात बोलता आलं नसतं."

त्या निरोपानं मला जेवढा आधार दिला तेवढा आजवर कुठल्या शाबासकीनं दिला नाही. मी चुकलो होतो, आणि जिच्या बाबतीत चुकलो होतो तिनंच मला सांभाळून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी गावात गेलो तर बोळाच्या तोंडावरचं बाभळीचं कुंपण काढलेलं होतं. काटे एका बाजूला रचून ठेवलेले, बोळ झाडून घेतलेला, गायीचा खुंटा पलीकडे हलवलेला. आप्पा पारावर नेहमीच्या जागी बसले होते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मंजूर नकाशात नसलेलं दार काढायचं म्हणजे वरून परवानगी हवी. मी टिपणी लिहायला बसलो. ‘स्थानिक मागणीनुसार’ असं लिहिलं असतं तर चाललं असतं, सगळे तेच लिहितात. पण चौऱ्याऐंशी पावलं तळव्यात होती. मी लिहिलं की जागेची निवड माझी होती, चौकाचं कामही माझं होतं, आणि दोन्ही करताना बायका तिथून कशा चालतात हे मी पाहिलं नाही. कार्यकारी अभियंत्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "एवढं लिहायची गरज आहे का?" मी म्हणालो, "आहे साहेब." त्यांनी सही केली.

मेच्या दुसऱ्या मंगळवारी दार उघडलं. उद्घाटन नाही, नारळ नाही, पुनमची तशी अटच होती. ती आणि मी आतल्या खोलीत औषधांच्या कपाटाआड स्टुलावर बसलो. शहजादी सिस्टर टेबलाशी. दहा वाजले. साडेदहा वाजले. मागचं दार नुसतं पुढं केलेलं होतं. एक कोंबडी आत डोकावून गेली. अकरा वाजले तेव्हा मला घाम फुटला. म्हटलं, भिंत फोडली, माणसाचं काळीज दुखवलं, आणि येतंय कोण?

सव्वाअकराला दार हललं. आधी काठी आत आली, मग पांढरा फेटा.

हणमंतराव आप्पांनी मागं वळून बोळात कुणी नाही ना ते बघितलं, दार लोटलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "शिस्टर, हायत का कुणी आत?"

"कुणी न्हाई, या," सिस्टर सरळ खोटं बोलल्या.

आप्पा खुर्चीवर बसले. उजव्या पायाचं फडकं सोडलं. अंगठ्याला जखम होती, जुनी, कडा काळसर झालेल्या. "तीन महिनं झाले. भरून येईना. साखर हाय का ते बघा."

"तीन महिने? आप्पा, दार समोर व्हतं की तुमच्या. चाळीस पावलं बी न्हाईत."

"त्या पारावरून उठून इकडं आलो आसतो तर अमृतराव म्हणला आसता, म्हातारं खचलं. दुसऱ्या दिवशी समद्या गावात." ते कसनुसं हसले. "आमालाबी लोक बघत्यात, शिस्टर."

माझ्या शेजारी पुनमची पेन्सिल थांबली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तीन आठवडे फिरून हे तिलाही दिसलं नव्हतं. नंतर तिनं ते तसंच लिहिलं: हे दार आम्ही बायकांसाठी काढलं, पहिलं वापरलं ते पारावरच्या माणसानं.

सिस्टर बोटाला सुई टोचत होत्या, तेवढ्यात बोळातून पावलं ऐकू आली. चपलांचा आवाज, सावकाश, जड. दार उघडलं आणि सिंधु आत आली. पदर डोक्यावर, एक हात पोटाखाली, पायात रबरी चपला, सुजलेल्या पायांना त्यांचे पट्टे रुतलेले. दोन पावलं आत आली आणि समोर सासरे बसलेले दिसले.

तिचा चेहरा उतरला. भिंतीला हात लावून ती चपला काढायला वाकू लागली. वाकता येत नव्हतं.

आप्पा खुर्चीवरून उठले. एका पायाला फडकं नाही, बोटातून रक्ताचा थेंब आलेला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

ती थांबली नाही, तिला ऐकू गेलं नसावं. ते परत म्हणाले, "पायात ऱ्हाऊ दे, पोरी. तुला माजी शपथ हाय."

सिंधु सरळ झाली. आप्पांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः काठी टेकत भिंतीला लागून उभे राहिले. सासऱ्यासमोर खुर्चीत बसायचं, हे तिच्या अंगवळणी कुठून असणार? पण पाय ऐकत नव्हते. ती बसली. मी कपाटाआड डोळे पुसत होतो आणि पुनम मला रुमाल देत होती, तिच्याकडे बघितलं तर तिलाच त्याची गरज होती.

सिस्टरनी बीपी बघितलं. परत बघितलं. मग आवाज अगदी नेहमीसारखा ठेवून म्हणाल्या, "सिंधु, आज आपल्याला मुखेडला जायचंय. घाबरायचं काम न्हाई. मी सोबत हाय." अर्ध्या तासात गाडी आली, ती बोळाच्या तोंडाशी. मागच्या खेपेला जे वाढलेलं बीपी कुणालाच कळलं नव्हतं, ते या वेळी दुपारी बाराला कळलं होतं, आणि हातात अजून वेळ होता. आप्पा गाडीत पुढं बसले, बोटाला कापूस धरून. त्यांच्या साखरेचा आकडा सिस्टरनी नंतर सांगितला. तो ऐकून मी मुकाट्यानं माझीही तपासून घेतली.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सिंधूला मुलगी झाली. दोघी सुखरूप. आप्पांच्या अंगठ्याची जखमही भरत आली.

आढाव्याच्या बैठकीत उपकेंद्राला कुलूप लागलं नाही. मेच्या पुढच्या मंगळवारी बोळातून बायका येऊ लागल्या, त्यांनीच आकडे बदलून टाकले होते. नव्या एकवीस उपकेंद्रांच्या नमुना नकाशात आता दुसरं दार आहे, गावाच्या आतल्या गल्लीकडे उघडणारं, आणि त्याच्या बाहेर सावलीत चपला ठेवायला एक फळी. जागा ठरवायच्या नियमात एक ओळ आली आहे. जे लोक ही इमारत वापरणार त्यांच्यासोबत, त्यांच्या वेळेला, त्यांच्यासारखंच चालत तिथपर्यंत जावं आणि मगच जागेची खुंटी मारावी. सरकारी कागदात अशी ओळ मी याआधी वाचलेली नाही. ती पुनमची आहे, पण कागदावर तिचं नाव नाही. तिला त्याचं काही वाटतही नाही.

तिचा पूर्ण अहवाल मी पावसाळ्यात वाचला. माझ्या उपकेंद्राच्या पानावर यायला मी घाबरत होतो. तिला सगळं माहीत होतं, माझी टिपणीही तिनं पाहिली होती. तिथं तिनं लिहिलं होतं: ‘बांधणाऱ्यानं ही जागा गावावरच्या मायेपोटी निवडली. माया खरी होती. फक्त पार कुणाचा, हे विचारायचं राहून गेलं.’ ते पान मी आईला फोनवर वाचून दाखवलं. आई म्हणाली, "त्या पोरीला घरी घेऊन ये जेवायला. मी येळण्याच्या पोळ्या करते." येळणी म्हणजे पुरणाच्या पाण्याची आमटी, आईला पुरणाची पोळी म्हणायचं होतं, आनंद झाला की ती असं काहीतरी उलटसुलट बोलते.

परवा मंगळवारी सहज गावाकडं गेलो. बाळाला लस द्यायचा दिवस होता. चौकातले ब्लॉक मी पुढच्या महिन्यात काढून टाकणार आहे, तिथं माती आणि दोन कडुनिंब येतील. पारासमोरून एक सून चपला हातात घेऊन गेली. ती चाल एका दारानं बदलत नाही, आणि बदललीच तर ती माझ्या नकाशानं बदलणार नाही, एवढं आता मला कळतं.

मी वळसा घालून बोळातून गेलो. मागच्या दाराबाहेर फळीवर चपला होत्या. रबरी, पट्ट्याच्या, एक हिरवी लहान मुलाची. त्यांच्या शेवटी एक जोड पुरुषी, जाड कातडी, अंगठ्याजवळ जखमेला लागू नये म्हणून कापून मोकळी केलेली. आतून आप्पांचा आवाज येत होता, नातीला खेळवण्याचा. अमृतराव पारावर वाट बघत असतील, त्याची त्यांना पर्वा दिसत नव्हती.

आणि फळीच्या जवळ, दाराच्या आत, सिंधु उभी होती. पायात चपला होत्या. मला बघून ती म्हणाली, "या साहेब. बूट घालूनच या, फरशी गरम न्हाई."

मी तरीही बूट काढले. फळीवर, आप्पांच्या जोडाशेजारी ठेवले आणि आत गेलो.